सेल्टिक्सची मॅच बघायला जाताना : टीडी गार्डन, बॉस्टन (तिकीट, गाडी, जागा, खाणं)

भिंगरी

दिवाळीनंतरच्या आठवड्यात सेल्टिक्सच्या (एनबीए या बास्केटबॉल लीगमधला बॉस्टनचा संघ) मॅचला जायचं घाटतंय. कामाचा दिवस, संध्याकाळी ७:३० ची मॅच. माणसं ५ : आम्ही दोघं, १० वर्षांचा मुलगा आणि भारतातून आलेले सासू-सासरे. दोघंही सत्तरीपार, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात. राहायला वेस्टबरो. प्रश्न असे :

गाडी घेऊन जावं की ट्रेनने? जागा कुठल्या घ्याव्यात? शाकाहारी काय मिळतं? आणि ज्यांनी आयुष्यभर फक्त क्रिकेट बघितलंय त्यांना अडीच तास कंटाळा येणार नाही ना?

नॉर्थस्टेशन

आधी परतीचा रस्ता ठरवा, तिकीट मग काढा. बहुतेक जण उलटं करतात आणि रात्री साडेदहाला फलाटावर हिशेब मांडत बसतात.

मॅच होते ते टीडी गार्डन नॉर्थ स्टेशनच्या डोक्यावर बांधलंय. उत्तरेकडच्या कम्युटर रेलच्या, म्हणजे उपनगरी रेल्वेच्या, गाड्या (फिचबर्ग, लोवेल, हेव्हरिल, न्यूबरीपोर्ट-रॉकपोर्ट) थेट त्याच इमारतीच्या पोटात येतात. म्हणजे ॲक्टन किंवा लोवेलच्या मंडळींची चैन आहे. तुमची वूस्टर लाइन मात्र साउथ स्टेशनला जाते. नॉर्थ आणि साउथ स्टेशन यांना थेट जोडणारी रेल्वेच नाही, हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही.

त्यामुळे वेस्टबरोहून ट्रेन धरली तर साउथ स्टेशनपर्यंत जाऊ नका. त्याच्या आधी बॅक बेला उतरा, तिथून मेट्रोची ऑरेंज लाइन, दिशा ओक ग्रोव्ह. सहावं स्टेशन नॉर्थ स्टेशन. साउथ स्टेशनला उतरलात तर रेड लाइन, मग डाउनटाउन क्रॉसिंगला बदलून ऑरेंज. एक बदल फुकटचा वाढतो, आणि गुडघे कुरकुरत असतील तर प्रत्येक बदल म्हणजे जिने.

आता परतीचं गणित. ७:३० लिहिलेलं असलं तरी बॉल हवेत जातो ७:४० च्या आसपास. मॅच सव्वादोन ते अडीच तास चालते, म्हणजे १० वाजले. गर्दीतून खाली यायला १५ मिनिटं, ऑरेंज लाइनने बॅक बे, तिथे वूस्टर गाडीचा फलाट शोधा. या वेळेला कम्युटर रेलच्या दोन गाड्यांत तासाभराहून जास्त अंतर असू शकतं. एक चुकली की सासू-सासऱ्यांना घेऊन बॅक बेच्या त्या डिझेलच्या वासात बसा. मॅच ओव्हरटाइमला गेली तर नक्कीच चुकते : खेळातली ५ मिनिटं घड्याळात पंधरा-वीस होतात.

म्हणून कामाच्या दिवशी तुम्हाला माझा सल्ला : रिव्हरसाइड. पाइकने (आय-९० महामार्ग) येऊन १२८ या महामार्गावर, तिथे लागूनच न्यूटनमधलं रिव्हरसाइड स्टेशन. गाडी तिथे लावा आणि ग्रीन लाइनची डी शाखा धरा. ही गाडी न बदलता नॉर्थ स्टेशनला जाते. वेळ पाऊण तास ते तासभर धरा. हे सुरुवातीचं स्टेशन असल्यामुळे सगळ्यांना बसायला मिळतं, आणि परतताना एक चुकली तर मागून दुसरी येतेच.

ढब्बू

+१ रिव्हरसाइडला. भर इतकीच घालतो की ग्रीन लाइनच्या चार शाखांपैकी बी आणि सी गव्हर्नमेंट सेंटरलाच संपतात, नॉर्थ स्टेशनला येतात फक्त डी आणि ई. परतताना पाटीवर "रिव्हरसाइड" वाचूनच चढा. "हीथ स्ट्रीट" लिहिलेली ई शाखेची गाडी आधी आली तर सोडून द्या. गर्दीच्या रेट्यात लोक तिच्यात चढतात आणि मग कोप्लीला उतरून पुन्हा उभे राहतात.

भाडं २.४० डॉलर माणशी, एका बाजूचं. आता कार्ड किंवा फोन सरळ टॅप करता येतो, चार्ली कार्ड (इथलं प्रवासाचं कार्ड) नसलं तरी अडत नाही. प्रत्येकाने मात्र स्वतंत्र टॅप करायचं. ११ वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट, तेव्हा तुमच्या चिरंजीवांचे पैसे वाचले.

निघायच्या दिवशी सकाळी एमबीटीएच्या (इथल्या ट्रेन-बस चालवणारी संस्था) सूचना बघा. रात्री किंवा शनिवार-रविवारी एखादा तुकडा बंद ठेवून शटल बस सोडतात. तसं असेल तर सगळा बेत बदलतो.

पारवा

गाडी घेऊन थेट गेलं तर? खाली गराज आहे ना?

ढब्बू

आहे. नॉर्थ स्टेशन गराज अरीनाच्या खालीच आहे, आणि तीच अडचण आहे. मॅच संपली की सगळ्या गाड्या एकाच वेळी उताराला लागतात आणि बाहेर कॉजवे स्ट्रीटवर आधीच माणसांचा पूर असतो. पार्किंगचा दर कार्यक्रमाच्या दिवशी वाढतो. न्यायचीच असेल तर ॲपवर आधी जागा राखून ठेवा आणि अरीनापासून १० मिनिटं चालत असलेलं गराज निवडा, गव्हर्नमेंट सेंटरच्या बाजूचं. तिथून बाहेर पडणं सोपं जातं.

उबर-लिफ्टचंही तेच. दारात बोलावू नका. दर चढलेला असतो आणि ड्रायव्हर दोन चौकांपलीकडे अडकलेला दिसतो. हेमार्केटपर्यंत चालत जा, मग बोलवा.

आणि पाहुण्यांच्या सामानासाठी उंच व्हॅन भाड्याने घेतली असेल तर तिने स्टॉरो ड्राइव्हवर जाऊ नका. तिथले पूल इतके बुटके आहेत की ट्रकचं टप सोलून निघणं हा या गावचा वार्षिक सण आहे.

तिसरा_मजला

तिकीट आणि जागा यावर लिहितो.

नियमित हंगाम ऑक्टोबरच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. ८२ मॅचेस, त्यातल्या निम्म्या घरच्या. भाव तीन गोष्टींवर ठरतो : समोरचा संघ, वार आणि महिना. लेकर्स, निक्स, वॉरियर्स आले की पोटमाळ्यावरची जागाही महाग. नोव्हेंबरातला मंगळवार-बुधवार आणि समोर गुणतक्त्याच्या तळाचा संघ, हा सगळ्यात परवडणारा योग. तुमचा बेत नेमका त्यातच बसतोय.

अमेरिकेत मे २०२५ पासून तिकीट विकणाऱ्या साइटला सगळी सक्तीची शुल्कं धरून एकूण किंमत आधीच दाखवावी लागते. त्यामुळे शेवटच्या पानावर धक्का बसायचा तो प्रकार कमी झालाय. दोन-तीन साइटवरची तुलनाही आता खरी होते.

मॅचच्या दिवशी दुपारनंतर भाव उतरतात, हे बरोबर. ज्याच्याकडे न खपलेलं तिकीट आहे त्याच्यासाठी ७:४० नंतर तो कागदही नाही, नुसता बारकोड. पण हा खेळ एकट्यादुकट्याने खेळावा. शेवटी शिल्लक राहतात सुट्या आणि जोडीच्या जागा. ५ जणांना सलग बसायचं असेल तर आठवडा-दोन आठवडे आधी घ्या आणि उतरत्या भावाकडे बघणं सोडा. सलग ५ मिळत नसतील तर एकामागे एक ३+२ बघा. गप्पा मारायला तेच बरं पडतं.

जागा. खालचा मजला लोज, विभाग १ ते २२. वरचा बाल्कनी, ३०१ ते ३३०. मध्ये क्लब, तो सोडून द्या. कोर्टाच्या मध्यरेषेवर येतात लोज १ आणि १२, बाल्कनी ३०१ आणि ३१६. बास्केटच्या मागे लोज ६-७ आणि १७-१८.

माझं मत : तेवढ्याच पैशांत लोजमध्ये बास्केटच्या मागे बसण्यापेक्षा बाल्कनीत ३०१ किंवा ३१६ च्या आसपास बसावं. बास्केटच्या मागून जवळचा अर्धा कोर्ट झकास दिसतो, पण पलीकडच्या अर्ध्यात नक्की कोण कुठे धावतंय ते कळत नाही. काचेचा बोर्ड आणि त्याचा खांबही आडवा येतो. वरून मध्यावर बसलं की पाचही जणांची मांडणी दिसते. कोण पडद्यासारखा आडवा उभा राहिला, कोणाचा बचाव उशिरा वळला, कोपऱ्यातला माणूस मोकळा कसा सुटला, सगळं.

पण तुमच्याकडे गुडघ्यांचा प्रश्न आहे. बाल्कनी चढी आहे, पायऱ्या अरुंद. बाल्कनीच घेतली तर खालच्या चार-पाच रांगा आणि मार्गिकेकडेची खुर्ची घ्या. अगदी पहिल्या रांगेत कठड्याची दांडी बुटक्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत येते, तेवढं लक्षात ठेवा. पायऱ्या अजिबातच जमत नसतील तर व्हीलचेअर आणि अडचण असलेल्यांसाठीच्या जागा वेगळ्या असतात, तिकीट काढतानाच त्या फिल्टरने शोधा. आयत्या वेळी बदलून मिळतील या भरवशावर राहू नये.

हूपवेडा

तिसरा_मजला, बास्केटच्या मागच्या जागांना इतकं मोडीत काढू नका. दुसऱ्या हाफमध्ये पाहुण्यांचा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा बिनअडथळ्याचा नेम) तुमच्या समोर असतो तेव्हा त्या दोन विभागांतल्या माणसांना काम असतं. हात हलवणं, ओरडणं, टॉवेल फिरवणं. दहा वर्षांच्या मुलाला यापरतं काय हवं? बाजू हाफटाइमनंतर बदलतात, आणि पहिल्या हाफसाठी बास्केट निवडायचा हक्क पाहुण्या संघाला असतो.

तिसरा_मजला

मुलासाठी मान्य. सासूबाईंच्या कानांसाठी नाही :)

पारवा

तिकिटांचा स्क्रीनशॉट काढून बाकीच्यांना पाठवला तर चालेल का? आमचा ६ जणांचा ग्रुप वेगवेगळ्या ठिकाणांहून येणार आहे.

खारे_दाणे

नाही चालत. बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो, जुनं चित्र यंत्र घेत नाही. दोनच मार्ग : सगळे एकत्र आत जा आणि एकाच फोनवर एकेक तिकीट सरकवत दाखवा, नाहीतर ॲपमधून प्रत्येकाला त्याच्या ईमेलवर किंवा नंबरवर ट्रान्सफर करा. समोरच्याने ते स्वीकारायला हवं, हे विसरतात. न स्वीकारलेलं तिकीट धड तुमच्याकडे राहत नाही आणि त्याच्याकडेही पोचत नाही.

घरून निघतानाच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये टाका. दाराशी हजारो फोन एकाच टॉवरला लोंबकळत असतात, ॲप फिरत राहतं. आणि फोन चार्ज केलेला हवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. सासू-सासऱ्यांची तिकिटं तुमच्याच फोनवर ठेवा.

आता बॅग. बॅग नेऊ नका. हे मुद्दाम वेगळं लिहिलंय कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांत सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. गार्डनचा नियम साध्या पर्सलाही लागू आहे. ६ बाय ४ बाय दीड इंच, म्हणजे तळहाताएवढं पाकीट, त्याहून मोठं काही नाही. ऑफिसातून परस्पर येणाऱ्यांनी लॅपटॉपची बॅग ऑफिसात किंवा गाडीच्या डिकीत ठेवावी. लहान बाळाचं सामान आणि औषधांची पिशवी चालते, ती यंत्रातून तपासून घेतात, त्यासाठी १० मिनिटं जास्त धरा. सासू-सासऱ्यांच्या रात्रीच्या गोळ्या पट्टीसकट कोटाच्या खिशात ठेवल्या की तो फेराही वाचतो.

बाहेरचं खाणं-पिणं आत नेता येत नाही. एकदा आत गेलं की बाहेर येऊन परत जाता येत नाही. रोख पैसे चालत नाहीत, कार्ड किंवा फोन. आजोबांना नातवासाठी काहीतरी स्वतः घ्यायचं असतं, तर त्यांच्या हातात एक कार्ड देऊन ठेवा.

दारं साधारण तासभर आधी उघडतात. साडेसहाला पोचलात तर रांग छोटी असते आणि मुलाला सराव बघायला मिळतो. सात-सव्वासातच्या सुमारास सगळं गाव येतं.

अक्षता

शाकाहारी मंडळींसाठी.

आत पिझ्झा, पॉपकॉर्न, प्रेट्झेल, नाचोज, फ्राइज मिळतात. फ्राइज ज्या तेलात तळतात त्याच तेलात चिकन टेंडर्स तळलेले असू शकतात, तेव्हा कडक पाळणाऱ्यांनी विचारावं. नाचोजवर वरून काय घालतायत ते बघून मग कार्ड टॅप करा. क्लॅम चाउडर "सूप" म्हणून मागवाल आणि फसाल : क्लॅम म्हणजे आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांची भावंडं, आणि त्यात बहुधा बेकनचे तुकडे असतात. दिसतं मात्र अगदी बटाट्याच्या पांढऱ्या रश्श्यासारखं.

पण मुळात आत जेवायचं कशाला? भाव दुप्पट आणि रांग लांब. गार्डनपासून १० मिनिटं चालत नॉर्थ एंड आहे, इटालियन वस्ती. हॅनोव्हर स्ट्रीटवर बसून जेवता येतं, थॅचर स्ट्रीटवर रेजिना पिझ्झेरिया १९२६ पासून आहे. संध्याकाळी तिथेही रांग असते, ५:३० च्या आत पोचा. कॅनोलीचा (इटालियन गोड पदार्थ) डबा मात्र मॅचच्या आधी विकत घेऊ नका, दाराशी टाकून द्यावा लागेल. नॉर्थ एंडपर्यंत चालवत नसेल तर अरीनाला लागूनच हब ऑन कॉजवे इमारत आहे, तिथे स्टार मार्केट हे सुपरमार्केटसुद्धा आहे.

घरचे पराठे नेणार असाल तर ते रिव्हरसाइडला गाडीतच संपवा. हे मी गंभीरपणे सांगतेय, आपल्या लोकांची वाया गेलेली ठेपली त्या कचराकुंडीत बघवत नाहीत.

आतल्या तापमानाबद्दल : आइस हॉकीचा बर्फ त्याच जमिनीवर असतो. त्यावर इन्सुलेशनचे तक्ते टाकून वर लाकडी कोर्ट जोडतात. खालच्या रांगांत पायाला गारवा जाणवतो. भारतातून आलेल्यांना मोजे, बूट आणि एक स्वेटर आतही लागतो. चपला-सँडल नकोत.

भिंगरी

अबब, केवढी माहिती! रिव्हरसाइड पक्कं केलं. आता सासऱ्यांचा प्रश्न : "नुसते इकडून तिकडे पळतात आणि टाकतात, त्यात बघायचं काय?"

धनुकली

त्यांना सगळे नियम सांगू नका. फक्त घड्याळ बघायला शिकवा.

बास्केटच्या वर दोन आकडे असतात. एक आकडा क्वार्टरचा : १२ मिनिटांपासून उलटा. असे ४ क्वार्टर, दोनानंतर १५ मिनिटांची सुटी. दुसरा आकडा २४ पासून उलटा. हा शॉट क्लॉक. बॉल हातात आला की २४ सेकंदांत तो टाकून निदान रिंगला तरी लागला पाहिजे, नाहीतर बॉल समोरच्यांना. कबड्डीत चढाईला ३० सेकंद असतात, तसं. "तिसऱ्या चढाईला काहीतरी करावंच लागतं" ही घालमेल ज्याला कळते त्याला शॉट क्लॉक पाच मिनिटांत कळतो. रिंगला लागून बॉल परत त्याच संघाला मिळाला तर घड्याळ २४ नाही, १४ वर येतं. हे सांगितलं की आजोबा स्वतःच आकडे मोजायला लागतात.

दुसरी गोष्ट फाउल. एका खेळाडूचे ६ झाले की तो बाद, मॅचभर बसला. म्हणून पहिल्या क्वार्टरमध्येच दोन फाउल झालेल्या मोठ्या खेळाडूला कोच बाहेर घेतो, तो थकलेला नसतो. आणि एका क्वार्टरमध्ये संघाचे मिळून ५ झाले की पाचव्यापासून जवळजवळ प्रत्येक फाउलला समोरच्यांना फ्री थ्रो. फलकावर "बोनस" लागतो तो हाच.

तिसरी, क्रिकेटवाल्यांना पटकन रुचणारी : कोचचं चॅलेंज. डीआरएसच. फरक इतका की मागायला टाइमआउट (संघाला मागता येणारी छोटी विश्रांती) शिल्लक लागतो. चुकलं तर तो जातो. बरोबर ठरलं तर टाइमआउट राहतो आणि आणखी एक चॅलेंज मिळतं.

शेवटची दोन मिनिटं. घड्याळात दोन, खऱ्या वेळेत दहा-पंधरा. "हे मुद्दाम का पाडतायत त्याला?" असं सासूबाई विचारतीलच. मागे पडलेल्या संघाला घड्याळ थांबवायचं असतं. फाउल केला की घड्याळ थांबतं, समोरचा दोन फ्री थ्रो टाकतो, एखादा चुकतो आणि बॉल परत आपल्याकडे. दोन गुणांच्या बदल्यात वीसेक सेकंद विकत घेतात म्हणा. हा व्यवहार एकदा समजला की तीच पंधरा मिनिटं सगळ्यात रंगतदार वाटतात.

हूपवेडा

मस्त, धनुकली. एक भर : बॉलकडे बघू नका असंही सांगा. दोन-तीन वेळा तरी मुद्दाम बॉल नसलेल्या माणसाकडे बघायचं. तीन गुणांच्या रेषेबाहेरचा नेमबाज कसा दोघातिघांच्या आडून पळत मोकळा होतो, ते टीव्हीवर दिसतच नाही. कॅमेरा बॉलमागे असतो. मैदानात जायचं ते त्यासाठी.

पारवा

ज्याला बघायला जायचं तो स्टार खेळाडू खेळणार की नाही, हे आधी कळतं का?

तिसरा_मजला

बऱ्यापैकी. एनबीएचा दुखापतींचा अहवाल मॅचच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत संघांना द्यावा लागतो. लागोपाठ दोन दिवस मॅच असेल तर दुसऱ्या मॅचचा त्याच दिवशी दुपारी १ पर्यंत. "आउट" म्हणजे नाहीच. "क्वेश्चनेबल" म्हणजे जवळजवळ नाणेफेक. "प्रॉबेबल" म्हणजे खेळेल असं धरा.

तिकीट काढतानाच वेळापत्रक बघा : आदल्या रात्री दोन्हींपैकी कोणता संघ खेळलाय? लागोपाठच्या दुसऱ्या रात्री मोठ्या खेळाडूंना विश्रांती द्यायची खोड सगळ्या संघांना आहे. २०२३ पासून लीगने त्यावर बंधनं आणलीत, पुरस्कारांसाठी किमान ६५ मॅचेसची अटही घातली, तरी वय झालेला किंवा दुखापतीतून उठलेला खेळाडू बसवतातच. एका खेळाडूसाठीच जायचं असेल तर ज्याच्या आधी एक दिवस मोकळा आहे अशी मॅच निवडा. तो खेळला नाही म्हणून तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

खारे_दाणे

आणि मुलाला केवळ जवळून बास्केटबॉल बघायचं असेल तर मेन सेल्टिक्सचाही विचार करा, जी लीगचा (एनबीएची दुय्यम लीग) संघ, मेन राज्यातल्या पोर्टलंडच्या एक्स्पोमध्ये खेळतात. इमारत लहान, तिकीट स्वस्त, बुटांचा चुंईचुंई आवाज ऐकू येतो. वेस्टबरोहून लांब आहे, पण शनिवारी निघून समुद्रही बघून येता येईल.

नॉर्थस्टेशन

थोडं अवांतर. आत बसल्यावर वर बघा. छताला सेल्टिक्सचे १८ विजेतेपदांचे झेंडे आहेत, पहिला १९५७ चा, शेवटचा २०२४ चा. १९५९ ते १९६६ सलग आठ. शेजारी निवृत्त केलेल्या क्रमांकांचे झेंडे (खेळाडूच्या मानार्थ जो क्रमांक पुढे कोणाला देत नाहीत तो). त्यात आकड्यांमध्ये एकच नाव आहे : लॉस्की. जिम लॉस्कटॉफचा १८ क्रमांक पुढे कोणाला तरी वापरता यावा म्हणून त्याने तो निवृत्त करू दिला नाही, म्हणून नाव टांगलं. तो १८ नंतर डेव्ह कावेन्सने घातला आणि शेवटी त्याच्या नावाने निवृत्त झाला. मुलाला हे झेंड्यांत शोधायला लावा, एक टाइमआउट सहज जातो.

लाकडी फरशी चौकटीचौकटीची दिसते ती पार्के. १९४६ मध्ये, युद्धानंतरच्या लाकडाच्या टंचाईत, ओकचे उरलेले तुकडे आडवे-उभे जोडून बनवली होती. मूळची फरशी १९९९ पर्यंत वापरली, आताची त्याच नक्षीची नवी आहे. ५ फुटी चौकोन बोल्टने जोडतात, हॉकीसाठी परत सोडवतात.

"बीट एलए" (एलएला हरवा) ही आरोळी समोर एलएचा संघ लेकर्स नसतानाही ऐकू आली तर दचकू नका. १९८२ मध्ये जुन्या बॉस्टन गार्डनमध्ये सेल्टिक्स फिलाडेल्फियाकडून हरत होते, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी जिंकणाऱ्यांना हे ओरडून निरोप दिला : आम्ही तर गेलो, तुम्ही निदान अंतिम फेरीत एलएला हरवा.

अक्षता

तुमच्याकडे दिवस मोकळा असेल तर दुपारीच निघा. गव्हर्नमेंट सेंटरला उतरा : सिटी हॉल प्लाझावर सेल्टिक्सचा जुना महान खेळाडू बिल रसेल याचा पुतळा. तिथून पाच मिनिटांत फॅन्युइल हॉल, तिथे सेल्टिक्सचा जुना कोच रेड ऑरबाख याचा बाकावर बसलेला पुतळा आहे, शेजारी बसून फोटो काढता येतो. मग नॉर्थ एंडला जेवण आणि गार्डन. सगळं मिळून दीड मैलाच्या आत, मध्ये बसायला जागा आहेत. वारा सुटला असेल तर हा बेत रद्द. प्लाझावर वारा नाकाला चावतो.

पारवा

मॅच एकतर्फी झाली तर चौथ्या क्वार्टरला निघावं का? गर्दी टळेल.

ढब्बू

६ मिनिटं शिल्लक आणि २५ गुणांचा फरक असेल तर खुशाल निघा. कम्युटर रेल धरणाऱ्यांनी तर निघावंच.

हूपवेडा

अजिबात निघू नका! सेल्टिक्स मोठ्या फरकाने जिंकत असतील तर शेवटी पडद्यावर "जिनो" लागतो : एका जुन्या नाचाच्या कार्यक्रमातला दाढीवाला, घट्ट टी-शर्टातला माणूस डिस्कोवर नाचतो आणि सगळं गार्डन त्याच्याबरोबर. चुरशीच्या मॅचमध्ये तो लागतच नाही. एकतर्फी मॅचचं बक्षीसच ते आहे.

नॉर्थस्टेशन

रिव्हरसाइडवाल्यांना घाई करायची गरजच नाही. मॅच संपल्यावर १५ मिनिटं जागेवर बसून राहा, बाथरूम उरका, मग खाली या. डीच्या गाड्या युनियन स्क्वेअरहून सुटतात, नॉर्थ स्टेशनच्या आधी दोनच स्टेशनं लागतात, त्यामुळे पहिली गर्दी ओसरल्यावर नॉर्थ स्टेशनलाच बसायला मिळतं. पुढे हेमार्केटला चालत जाऊन चढाल तर उभं राहाल. फक्त रेड लाइनने एलवाइफला जाणाऱ्यांनी गार्डनपासून पंधराएक मिनिटं चालून चार्ल्स/एमजीएच गाठावं, एक बदल वाचतो.

भिंगरी

सगळ्यांचे आभार. ३०१ मध्ये चौथ्या रांगेत ३ आणि पाचव्या रांगेत २ मिळाली, मार्गिकेकडून. एक राहिलं : सासऱ्यांना बिअर घ्यायची झाली तर वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड चालेल का? केस पांढरे आहेत म्हणून सोडतील?

खारे_दाणे

पांढऱ्या केसांवर विसंबू नका, आधार तर मुळीच नाही. मूळ पासपोर्ट लागतो, फोनमधला फोटो चालत नाही. पासपोर्ट कोटाच्या आतल्या, चेनच्या खिशात ठेवा. कोट खुर्चीखाली जाणार असेल तर पासपोर्ट आधी काढून घ्या.